निरीक्षक क्रमांक सत्तावीस

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी नेवा स्टॉफरच्या टोस्टरनं ब्रेडचे दोन काप गिळले आणि जीव सोडला. चार वर्षांतला हा तिसरा. नेवानं काप सुरीनं उकरून काढले, टोस्टर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवऱ्याला सांगितलं, की दुपारी गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात जाशील तेव्हा एक टोस्टर घेऊन ये, पांढरा मिळाला तर बरा. चारचौघांच्या घरात हा विषय इथंच मिटला असता.

पण वर्लिन स्टॉफर एकतीस वर्षं डनमोर कंपनीत टोस्टर तपासत होता. ओहायोच्या त्या कोपऱ्यातल्या हार्कर्सबर्ग गावाच्या तीन पिढ्या डनमोरवर जगल्या. मग एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीनं आपली यंत्रं बांधली आणि समुद्रापार नेली. इमारत अजून उभी आहे. तिच्या पार्किंगमध्ये आता कमरेइतकं गवत असतं आणि रानबदकं येऊन घाण करतात. वर्लिन रोज तिच्यावरूनच गाडी नेतो (दुसरा रस्ता जवळचा आहे) आणि रोज तोंड कडू करून घरी येतो.

त्यानं कचऱ्यातून टोस्टर काढला, उलटा धरला, बुडावरचं देशाचं नाव वाचलं आणि जाहीर केलं, की या घरात आता अमेरिकेत बनलेलाच टोस्टर येईल.

"येऊ दे की," नेवा म्हणाली. "तोवर मी काय चघळू?"

दुकानात वर्लिननं टोस्टरची बावीस खोकी उलटी केली. एका खोक्यावर केवढा तरी झेंडा छापला होता. त्याचं काळीज सुपाएवढं झालं. मग झेंड्याखालची बारीक अक्षरं दिसली: आराखडा अमेरिकेत. (म्हणजे विचार इथं केला आणि टोस्टर तिथं.) त्याच्या मागोमाग दुकानाचं निळं जाकीट घातलेली पॅम खोकी सुलटी करत येत होती. ही पॅम पूर्वी डनमोरमध्ये बारा वर्षं वायरी जोडत असे. तिनं त्याचं काही वेळ चालू दिलं.

"वर्लिन, मागच्या रांगेतही हेच आहेत," ती शेवटी म्हणाली. "रोज पुसते मी त्यांना. मला विचार."

तो घरी आला तो टेनेसीत ओतलेला बिडाचा तवा आणि इलिनॉयमध्ये बांधलेला झाडू घेऊन. दोन्ही वस्तू उत्तम होत्या. नेवानं आधी तवा पाहिला, मग झाडू पाहिला, आणि ब्रेड यांतल्या नेमक्या कशावर भाजायचा असं विचारलं.

एकदा माणूस वस्तूंची बुडं बघायला लागला, की त्याला थांबवणं कठीण. दुसऱ्या दिवशी वर्लिननं घराची तपासणी काढली. किटली, इस्त्री, गजराचं घड्याळ, डबे उघडायचं यंत्र, धूर झाला की ओरडणारा छताचा भोंगा, सगळं उलटं झालं आणि गॅरेजमधल्या खोक्यात गेलं. त्याचा वाचायचा चष्माही परदेशी निघाला, पण चष्मा ठेवून दिल्यावर पुढची बुडं वाचता येईनात, म्हणून त्याला तात्पुरती सूट मिळाली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात तवा, झाडू, नेवाच्या आईचं काचेचं भांडं आणि नेवा एवढंच उरलं.

"माझी आजी स्वित्झर्लंडहून आली होती," नेवा म्हणाली. "मी स्वतःहून बसू का खोक्यात, की तू उचलून ठेवतोस?"

आता खरं सांगायचं तर वर्लिनला टोस्टरचं एवढं पडलेलं नव्हतं. त्याला जे हवं होतं ते त्याला धड सांगता येत नव्हतं. आपण एकतीस वर्षं जे तपासून पुढं पाठवलं ते चांगलं होतं, आणि ते गेल्यामुळं जगाचं काहीतरी बिघडलं, एवढं त्याला कुणीतरी म्हणायला हवं होतं. तसं कुणीच म्हणत नव्हतं. लोक नवा टोस्टर आणत, मोडला की फेकत, आणि दुसरा आणत.

पहिले दोन दिवस तव्यावरचा टोस्ट एका अंगानं कोळसा आणि दुसऱ्या अंगानं कच्चा होता. तिसऱ्या दिवसापासून मात्र नेवाचा हात बसला. वर्लिन पुढच्या खोलीत पेपर वाचत असे, नेवा धुण्याचे कपडे घेऊन तळघरात जाऊन वर येई, आणि ताटलीत दोन्ही अंगांनी सारखे भाजलेले सोनेरी टोस्ट येत. अमेरिकन बिडाची सर कशालाच नाही, असं वर्लिननं न्हाव्याला सांगितलं, पोस्टात सांगितलं आणि चर्चच्या पायऱ्यांवर तर दोनदा सांगितलं. नेवा शेजारी उभी राहून हातमोजे नीट करत असे.

पेपरात तो काय वाचत होता, तर मेलेल्यांची पानं. अमेरिकेत बनलेली चांगली वस्तू हवी असेल तर ती आता दुकानात नाही, मेलेल्या माणसाच्या घरात मिळते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. माणूस गेला की दोनेक आठवड्यांत त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू किमतीची चिठ्ठी लावून मांडली जाते, आणि लोक पहाटेच दाराशी येऊन नंबर घेतात. वर्लिन थर्मासमध्ये कॉफी घेऊन रांगेत उभा राहू लागला. रांगेत सगळे डनमोरचेच. मागच्या महिन्यात शेजारी उभा असलेला माणूस या महिन्यात आत, म्हणजे त्याचं सामान आत. वर्लिननं अशा घरांतून हातानं फिरवायचा कॅन ओपनर आणला, लोखंडी पंखा आणला, एका बाईची बर्फ फोडायची टोचणी आणली. डनमोरचा टोस्टर मात्र कुठंच निघेना. सत्तर हजार वस्तीच्या जिल्ह्यात तीन पिढ्यांनी बनवलेला टोस्टर एकाही घरात असू नये, याचं त्याला नवल वाटलं. त्यापुढं त्यानं विचार केला नाही.

त्याच्याकडं स्वतःचा एक होता. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या खेपेतला एकेक टोस्टर प्रत्येक कामगाराच्या हातात दिला होता. पण पुढच्याच महिन्यात वर्लिन हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडला, आणि घरी आला तेव्हा नेवानं सांगितलं, की तो लेकीला ॲरिझोनात पाठवून दिला. तेव्हा त्याला भरून आलं होतं. आता परत मागावा का असं त्यानं विचारल्यावर नेवा म्हणाली, दिलेली वस्तू परत मागायची आपल्यात पद्धत नाही.

मग ड्वाइट बीचलर गेला.

ड्वाइट म्हणजे डनमोरच्या जोडणी विभागाचा मुकादम. तो टोस्टर जोडायचा, वर्लिन तपासायचा, आणि दोघं एकाच बाकावर बसून डबा खायचे. वर्लिनला त्याचं मनापासून वाईट वाटलं. तो दफनाच्या वेळी रडलाही. पण नंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले, आणि तिथं लांब टेबलावर गावातल्या बायकांनी आणलेली सतरा भांडी मांडलेली दिसली, तेव्हा त्याच्या हाताला राहवलं नाही.

आमच्याकडं अशा जेवणाला आणलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी असते, म्हणजे भांडं बरोबर घरी परत जातं. वर्लिननं चीजमधल्या बटाट्यांचं एक गरम भांडं दोन्ही हातांनी डोळ्यांच्या वर उचललं आणि खालून वाचायला लागला.

"लिंडाचं आहे ते," शेजारची बाई कौतुकानं म्हणाली. "आवडले वाटतं बटाटे?"

"कुठलं आहे ते बघतोय."

"लिंडाचंच रे. ती बघ, तिकडं बसलीय."

चिकटपट्टीनं देशाचं नाव नेमकं झाकलं होतं. ते दिसावं म्हणून वर्लिननं भांडं जरा कलतं केलं, आणि लिंडाचे बटाटे त्याच्या बाहीतून थेट काखेत गेले. तो ओरडला नाही. त्यानं भांडं जागेवर ठेवलं, आणि पुढचा अर्धा तास उजवा हात अंगाशी घट्ट दाबून लोकांशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. दुःखानं त्याच्या हातातलं बळच गेलंय, असं पाद्रीबुवांना वाटलं आणि त्यांनी त्याच्यासाठी दोन शब्द जास्त म्हटले.

अशा अवस्थेत तो ड्वाइटच्या विधवेसमोर, ओपलसमोर, उभा राहिला. चार चांगले शब्द बोलायचं मनात होतं. तोंडातून टोस्टरच निघाला.

"आहे की," ओपल म्हणाली. "नवाकोरा आहे. त्यानं खोकं कधी फोडलंच नाही."

"का बरं?"

"म्हणायचा, आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

वर्लिनचे डोळे पुन्हा भरले. याला म्हणतात कामावरची श्रद्धा, असं तो घरी जाताना गाडीत तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा नेवानं खिडकीची काच पुसली.

गुरुवारी ओपलनं खोकं दिलं. देताना तिनं ते क्षणभर हातात धरून ठेवलं आणि म्हणाली, की वर्लिन, हे असंच फळीवर ठेव, छान दिसेल. घरी नेवाही तेच म्हणाली. न फोडलेल्या खोक्याला मान असतो, असंही म्हणाली. पण वर्लिननं रविवारी चर्चनंतर ओपलला नाश्त्याला बोलावून टाकलं होतं. ड्वाइटनं जोडलेला टोस्टर त्याच्या बायकोच्या समोर पहिल्यांदा तापावा, यापेक्षा मोठी श्रद्धांजली त्याला सुचत नव्हती.

रविवारी त्यानं कोट न काढताच चाकूनं खोकं उघडलं. टोस्टर आरशासारखा लखलखत होता. आत एक पिवळी चिठ्ठी होती. त्यानं ती दोघींना वाचून दाखवली: तपासला, निर्दोष, निरीक्षक क्रमांक सत्तावीस.

"सत्तावीस म्हणजे मी," तो म्हणाला.

ओपल कॉफीच्या कपात बघत राहिली. नेवा उठून लाकडी चमचा हातात घेऊन उभी राहिली. ती का उठली, हे वर्लिननं विचारलं नाही.

त्यानं दोन काप आत घातले आणि दांडी खाली दाबली. तारा लाल झाल्या. छान वास आला. मग जास्त वास आला. दांडी वर येईना. वर्लिननं टोस्टरला टिचकी मारली, मग चापट मारली. निळा धूर वर चढला, आणि खिडकीच्या पडद्याची कड काळी पडत पडत पेटली. तो "थांब, थांब, सुटेल आता" असं टोस्टरला सांगत होता, तेवढ्यात नेवानं लाकडी चमच्यानं प्लग उपसला, पडदा ओढून सिंकमध्ये टाकला, वर नळ सोडला आणि टोस्टर कपड्यात धरून गॅरेजचं दार उघडून तिथं ठेवला. सगळं मिळून आठ सेकंद. धूर गॅरेजमध्ये शिरला, आणि खोक्यातल्या परदेशी सामानात पडलेला भोंगा जीव तोडून ओरडायला लागला.

"तुला हे इतकं झटपट कसं जमलं?" वर्लिननं विचारलं.

नेवानं हात पुसले. "आपला ॲरिझोनात गेलाच नाही, वर्लिन. तू दवाखान्यात होतास तेव्हा त्यानं माझे पडदे जाळले."

"पडदे तर होते तेच आहेत."

"तेव्हा पिवळे होते. हे हिरवे. एकोणीस वर्षं झाली."

एकतीस वर्षं निरीक्षक असलेला माणूस सिंकमधल्या हिरव्या पडद्याकडं बघत बसला. ओपलनं हळूच सांगितलं, की शेवटच्या खेपेतला प्रत्येक असाच होता. सगळ्या गावानं एकेक करून फेकला, आणि धास्तीनं जुनेही फेकले. "ड्वाइटनं सगळ्यांना बजावलं होतं, वर्लिनला कुणी बोलायचं नाही. तो मनाला लावून घेईल."

वर्लिनला मग तो शेवटचा महिना आठवला. खरं तर तो कधी विसरलाच नव्हता. कारखाना जाणार हे कळल्यावर त्याचं मन मेलं होतं. पट्ट्यावरून टोस्टर येत होते, आणि तो खिडकीबाहेर बघत चिठ्ठ्या टाकत होता. दिवसाला सहाशे. एकाचीही दांडी दाबून बघितली नव्हती. कशाला बघायचं, असं त्याला वाटलं होतं, आणि हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आता दोन बायकांसमोर त्याला लाज वाटली. इतकी वाटली, की टेबलावरची मिठाची डबी त्यानं तीनदा इकडची तिकडं केली.

नेवा तळघरात गेली आणि वर आली ती एक लहानसा पांढरा टोस्टर घेऊन. साबणाच्या पुड्यामागून आणल्यामुळं त्याला साबणाचा वास येत होता.

"तीन महिने?" वर्लिननं विचारलं.

"तीन महिन्यांना दोन दिवस कमी. ते दोन दिवस तुझ्या तव्याचे."

तिनं काप घातले, दांडी दाबली. दीड मिनिटानं ती आपली आपण वर आली. दोन्ही अंगांनी सारखे, सोनेरी टोस्ट. वर्लिननं एक खाल्ला. मग सवयीनं त्याचा हात पुढं गेला आणि त्यानं टोस्टर उलटा केला. तीन महिन्यांचा चुरा त्याच्या रविवारच्या पँटवर पडला. बुडाला एक बारीक गोल कागद चिकटवलेला होता, त्यावर फक्त आकडा होता: चार.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हा क्रमांक चार कोण असेल, बाई की बाप्या, त्याचं गाव कसं असेल, याचा त्यानं विचार केला. त्याच्याही कारखान्याची यंत्रं उद्या कुणीतरी बांधून नेईल, असंही त्याला वाटलं.

"या चारनं काम चोख केलंय," तो शेवटी म्हणाला. जाणकार माणूस दुसऱ्या जाणकाराबद्दल बोलतो, तशा सुरात.

"हो," नेवानं त्याच्या टोस्टला लोणी लावलं. "त्यानं बहुतेक दांडी दाबून बघितली असेल. आता जा, गॅरेजमधला भोंगा आण आणि होता तिथं परत लाव."