धुण्याच्या दगडाची जागा

बापूसाहेबांच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ हळूहळू उभा राहिला. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मोहनराव गुरुजींनी विचारलं, "इथं पाणी आहे हे कशावरून?"

"नारळ हुबा ऱ्हायला की," शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या. "दिसंना का तुमाला?"

अंगण गुरुजींचंच होतं आणि नारळवाले बापूसाहेब त्यांचे सासरे. पाणाडे म्हणून बापूसाहेबांचं नाव इंदापूर तालुकाभर होतं. कुणाला बोअर घ्यायचं असलं की माळेगावला जीप पाठवून त्यांना आणलं जाई. नारळ घेऊन ते रान फिरत, आणि तो जिथं उभा राहील तिथं खुंटी ठोकत. कळसला मात्र ते एसटीनं, आपणहून आले होते. त्यांची लेक शालन लग्न झाल्यापासून चौकातल्या हापशाचं पाणी वाहत होती, आणि आता कुठं जावयानं दारात बोअर घ्यायचं मनावर घेतलं होतं.

मोहनराव पूर्वी असे नव्हते. मागच्या महिन्यात ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बारामतीला गेले आणि तिथून 'चिकित्सक विचार' घेऊन आले. कुणीही काही सांगितलं तर 'कशावरून' असं विचारायचं, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर एकेक वेगळी करून बघायची, असं त्याचं सार होतं. ते त्यांनी वर्गात शिकवलं. मुलं लवकर घरी जातात म्हणून संध्याकाळी पारावर मोठ्या माणसांनाही शिकवलं. कुशाबाई तिथं रोज पुढे बसत. घरी मात्र प्रगती बेताची होती. "दूध नासलंय," असं शालन म्हणाली आणि गुरुजींनी "कशावरून?" विचारलं, तेव्हा तिनं पेला भरून समोर ठेवला होता.

"मामा, राग मानू नका," मोहनराव आता सासऱ्यांना म्हणाले. "पण डोळे बांधून नारळ त्याच जागी उभा राहील का?"

शालननं नवऱ्याकडे पाहिलं. बापूसाहेबांनी जावयाकडे पाहिलं, मग डोक्याचा पटका सोडला आणि म्हणाले, "बांदा पाव्हणं. तुमचंबी समाधान हुंद्या."

डोळे बांधलेले बापूसाहेब फिरू लागले. नारळ पहिल्यांदा उभा राहिला तो गोठ्यातल्या गव्हाणीपाशी. दुसऱ्या खेपेला बांधावर. तिसऱ्या खेपेला सासरे कुंपणाच्या फटीतून शेजारच्या आप्पांच्या अंगणात गेले आणि नारळ तिथं उभा राहिला. खुंटी ठोकलेल्या जागी तो एकदाही राहिला नाही.

"बघितलं?" मोहनराव शांतपणे म्हणाले. "तीन वेळा, तीन जागा. याचा अर्थ काय?"

"अर्थ सरळ हाय," आप्पा म्हणाले. "पाणी समदीकडं हाय. माज्याबी अंगणात हाय. बापूसाहेब, च्या घ्या आमच्यात."

लोक समाधानानं पांगले. मोहनराव प्रयोग जिंकून एकटेच उभे राहिले.

घरात शालननं वडिलांना गरम भाकरी वाढली आणि नवऱ्याचं ताट लांबूनच सरकवलं. "आबांचं डोळं बांधून त्यास्नी अंगणात फिरवलं," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "समदं गाव बगत हुतं. उद्या मी आबांसंगं माळेगावला चालले. दारात पाणी लागलं की सांगावा धाडा."

"आणि नाही लागलं तर?"

"मग चौकातनं आणा. कशावरनं लागंल, ते तितं हापशाला इचारा."

तिनं बॅग काढली. बापूसाहेबांनी आणखी अर्धी भाकरी घेतली.

सकाळी बोअरची गाडी आली. तिला पुढे लोणी देवकरला जायचं होतं, त्यामुळे चालक घाईत होता. "गुरुजी, जागा दावा."

आप्पांच्या अंगणातली सोडली तर जागा तीन होत्या आणि तिन्ही नारळाच्या. त्यातली एखादी निवडली आणि पाणी लागलं, तर नारळ खरा ठरणार. आपल्या मनाची निवडली आणि कोरडी गेली, तर नारळ खरा ठरणारच, शिवाय बायको माळेगावला. मोहनरावांनी चिकित्सक विचार केला. नारळाशी संबंध नसलेली आणि घराला सोयीची अशी एकच जागा होती. परसात शालनचा धुण्याचा दगड होता. त्याच्या शेजारी बोट दाखवून ते म्हणाले, "इथं."

शालननं बॅग उंबऱ्यात आणून ठेवली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. पांढऱ्या धुळीचे लोट घरावर बसू लागले. बराच वेळ धूळच येत राहिली. मोहनराव एकदा धुळीकडे बघत, एकदा बॅगेकडे. मग धूळ ओली झाली, गाळ आला, आणि गाळामागोमाग पाण्याचा फवारा गुरुजींच्या अंगावर उडाला.

ते भिजलेल्या कपड्यांनीच बोलायला उभे राहिले. "ऐका. या जागी नारळ उभा राहिला नव्हता. तरी पाणी लागलं. म्हणजे नारळाचा आणि पाण्याचा काही संबंध नाही."

"न्हाय," कुशाबाई लगेच म्हणाल्या. "पटलं."

मोहनरावांना भरून आलं.

"पण गुरुजी," कुशाबाई पुढे म्हणाल्या, "हीच जागा कशावरनं धरली?"

"धुण्याचा दगड आहे म्हणून."

"दगड तितं कुनी ठिवला?"

"हिनं."

"आन् ही कुनाची ल्येक?"

सगळ्यांनी आधी बापूसाहेबांकडे आणि मग शालनकडे पाहिलं. बापूसाहेब पटक्याचं टोक खोचण्यात गुंतले होते.

"अहो, तिनं तो सावली बघून ठेवलाय," मोहनराव म्हणाले. पण तोवर फवाऱ्याखाली घागरी लागल्या होत्या आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

ते अंग पुसून बाहेर आले, तेव्हा परसात दगड नव्हता. आप्पांनी तो दोन गडी लावून कुंपणापलीकडे नेला होता. त्यांच्या दाराजवळ, ट्रॅक्टर जिथं वळतो तिथं, दगड टेकवून त्यांनी चालकाला हाक मारली होती. लोणी देवकर थोडं पुढे गेलं.

आप्पांचं बोअर कोरडं गेलं. शेवटपर्यंत धूळच आली. शेजाऱ्याचं नुकसान झालं म्हणून मोहनरावांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटायच्या आधीच ते कुंपणापाशी पोचले होते.

"आता तरी पटलं? दगड होता, पाणी नाही. म्हणजे दगडाचाही संबंध नाही."

"न्हायच," कुशाबाई म्हणाल्या. "गुन दगडात न्हायच. तकडं दगड शालननं ठिवला, पाणी लागलं. हितं आप्पानं ठिवला, न्हाय लागलं. दगड त्योच, हात येगळा. म्हंजे गुन हातात हाय." आणि त्या कौतुकानं म्हणाल्या, "एकेक गोष्ट येगळी करून बगायची, तुमीच शिकीवलं न्हाय का?"

पारावरच्या वर्गातली ही पहिली विद्यार्थिनी, जिला सगळं समजलं होतं. दोन बोअरांवरून काही सिद्ध होत नाही, असं मोहनराव म्हणाले.

"मग तिसरं घिऊ," आप्पा म्हणाले आणि उंबऱ्यापाशी येऊन हात जोडून उभे राहिले. "वैनी, त्येवढा दगड नीट ठिवून द्या."

शालननं नवऱ्याला विचारलं, "अहो, जाऊ का नगं?"

"तू ठेवलास म्हणून काही पाणी लागणार नाही."

"कशावरनं?"

यावर मोहनरावांकडे काहीही पुरावा नव्हता. त्यांनी आप्पांच्या दारात जाऊन दगडाचं एक टोक धरलं. दुसरं टोक बापूसाहेबांनी धरलं. आप्पांच्या अंगणात शालन सावकाश फिरू लागली. दगड पेलत, वाकलेल्या अवस्थेत, सासरे हळूच म्हणाले, "पाव्हणं, तिचं डोळं बांदायचं का?"

आप्पांच्या चिंचेखाली शालन थांबली. "हितं ठिवा."

"इथंच का?" मोहनरावांच्या तोंडून गेलं.

"सावली हाय," शालन म्हणाली.

चिंचेखाली पाणी लागलं. गाडी त्या दिवशी लोणी देवकरला पोचलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोचली ती मागच्या ट्रॅक्टरमध्ये दगड आणि शालन यांना घेऊन. बापूसाहेब एकटेच एसटीनं माळेगावला परतले.

उंबऱ्यातली बॅग मोहनरावांनीच उघडून साड्या कपाटात लावल्या. माळेगावला जायला शालनला आता वेळ नव्हता. नंतर ते परसातल्या नव्या पाण्यावर स्वतःचे कपडे धुवायला बसले. दगड नव्हता, म्हणून फरशीवर.