नदाफ गुरुजींच्या चिठ्ठ्या

पोरांनी पेपर लिहायच्या आधीच कोण कुठं चुकणार, हे नदाफ गुरुजी चिठ्ठीवर लिहून ठेवत. घडी घातलेल्या चिठ्ठ्या खडूच्या डब्यात पडत. पेपर तपासून झाला की ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी उघडायची. 'हातचा विसरणार.' 'घाईत शून्य खाणार.' आणि नेमकं तसंच झालेलं असे.

रहिमतपूरजवळच्या या शाळेत मी शिक्षिका म्हणून नवी होते. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला.

पाचवीतल्या ओंकारनं एकदा गुरुजींना फसवायचं ठरवलं आणि येत असलेलं गणित चुकवलं. चिठ्ठीत होतं, 'हा मुद्दाम चुकणार. बेचाळीस लिहील.' त्यानं बेचाळीसच लिहिलं होतं! पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आजी आली. गुरुजींकडं न बघता मला म्हणाली, "आवं बाई, मास्तरास्नी कायतरी दिसतंय. पोराच्या गळ्यात ताईत बांधलाय, काढायला लावू नगा."

"बांधू द्या की," गुरुजी म्हणाले. "पण ताइतानं भागाकार येत न्हाई म्हणावं. चुकीला घर असतंय, बाई. ते घावलं पायजे."

त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत आमची इतकी पोरं झळकली, की पेपर फुटल्याचा तक्रार अर्ज गेला. चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले ते स्वतः काढलेला पेपर बंद पाकिटात घेऊनच. गुरुजींनी पाकिटाकडं पाहिलंही नाही. पोरांचे चेहरे बघत चिठ्ठ्या लिहिल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

पेपर तपासून साहेबांनी एकेक चिठ्ठी उघडली. घड्याळाच्या गणितात अडखळणारी अडखळली होती. वजाबाकी उलटी करणाऱ्यानं उलटीच केली होती. पत्र्यावर धावणाऱ्या खारीची नखं ऐकू येत होती. तळाशी एक चिठ्ठी जास्तीची निघाली. 'साहेब शेवटच्या पेपरात गुणांची बेरीज चुकणार.'

साहेबांनी बेरीज पुन्हा केली. मग ती चिठ्ठी खिशात घातली आणि चहा न घेताच गेले.

त्यानंतर एका रविवारी चार्जर विसरले म्हणून मी भर दुपारी शाळेत गेले. बंद वर्गातून बारीक आवाज आला, "गुर्जी, हातचा कुठं ठिवू?" आमच्या वर्गातल्या ओवीचा आवाज. पण ओवी तर उंब्रजला मामाकडं गेलेली! मग नाक ओढत बोलणारा ओंकारचा चिडका आवाज आला.

मी खिडकीतून पाहिलं. वर्गात एकटे गुरुजी होते. ओवीच्या बस्करावर मांडी घालून, पेन्सिल डाव्या हातात, जीभ दातांत धरलेली. खांदासुद्धा तिच्यासारखा उतरलेला. क्षणभर त्या चेहऱ्यात मला गुरुजींचा चेहरा सापडेना.

"या बाई," ते आता स्वतःच्या आवाजात म्हणाले. "भ्यालात व्हय? उभं ऱ्हाऊन चूक दिसत न्हाई. पोराच्या जागी बसावं लागतंय. दर रविवारी बसतो."

मग त्यांनी मोबाईल पुढं केला. पडद्यावर एका उत्तरपत्रिकेचा फोटो होता, लाल फुल्यांनी भरलेला. खाली एकच ओळ : 'अब्बा, हा कुठं चुकतो?'

"माझी शाहीन. सांगलीत असती. ल्हानपणी माझ्याच वर्गात हुती. गणित चुकलं की सगळ्यांम्होरं उभी करायचो. कुठं चुकती, कवा इचारलंच न्हाई. लगीन झाल्यापासनं बोलत न्हाई." फोटोवर बोट ठेवून ते थांबले. "ह्यो नातू. सकाळधरनं याच्या जागी बसायला बघतोय, पर जमंना. कसा बसतो, कुठल्या हातानं लिव्हतो, कायच ठावं न्हाई. बघितलाच न्हाई त्याला."

"मग जा की, गुरुजी."

"बोलावलं न्हाई तिनं."

"हे बोलावणं नाही तर काय आहे?"

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखी. मी त्यांना स्कूटीवरून एसटी स्टँडवर सोडलं.

सोमवारी वर्ग मीच सांभाळला. मंगळवारी गुरुजी आले.

"गणित चोख हाय पोराचं," ते म्हणाले. "फळाच दिसत न्हाई त्याला. आकडे चुकीचे उतरवतंय. चष्मा लागलाय, बाई, निस्ता चष्मा!"

"आणि शाहीन? बोलली?"

"न्हाई." त्यांनी हजेरीपट उघडला, उलटा. "पर भात दोनदा वाढला."