पडद्यामागचे बाळकोबा

तंबूतल्या सिनेमाला बाळकोबा बेलिफ बायकांत बसत. साठीला टेकलेला माणूस, डोक्याला काळी टोपी, काखेत छत्री. कोणाकडे न बघता पडद्यामागे जायचा आणि बायकांच्या सतरंजीच्या कडेला मांडी घालायचा. आमच्या रत्नागिरीने हे खपवून घेतलं, म्हणजे त्याला कारण असणारच.

तेव्हा सिनेमा मुका होता. थंडीत बंदराजवळच्या वाळूत तंबू लागायचा. मधोमध पाण्याने भिजवलेलं पांढरं कापड, म्हणजे चित्र दोन्हीकडून दिसे. पुढे पुरुष, मागे बायका. मागून इंग्रजी पाट्या उलट्या दिसत, पण आमच्या बायकांना त्या सुलट दिसून तरी काय उपयोग होता? खारा वारा सुटला की नटीचं नाक हलायचं, एवढीच काय ती तक्रार.

त्या कापडावर आम्हाला मडम भेटली. तिचं नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून नुसती मडम. दर थंडीत तिचे दोन-तीन खेळ येत. कधी अनाथ पोर, कधी सरदाराची बायको, आणि शेवटी बहुतेक मरायचीच. बाळकोबांच्या पत्नी यमुनाकाकू घरी येऊनही तिच्यासाठी डोळे पुसत. बाळकोबा रडत नसत. कोर्टाचं समन्स घेऊन दारोदार हिंडणारा माणूस, लोकांचं रडणं त्यांना रोजचंच. पण मडमेचा खेळ त्यांनी कधी चुकवला नाही.

मडमेच्या गालावर तीळ होता. त्यावरून नवराबायकोचं जुंपलं.

"उजव्या गालावर. समक्ष पाहिलंय," बाळकोबा म्हणत. हे म्हटलं की त्यांच्यापुरता खटला संपला.

"डाव्या. तिने मान वळवलीन तेव्हा मी काय डोळे मिटून होते?"

जेवताना वाद, तुळशीपाशी वाद. आळीतले पुरुष बाळकोबांचे, बायका काकूंच्या. मी शाळेत भूमिती शिकवायचो आणि माझंही मत उजव्यालाच होतं. यावरून आमच्या अकलेचा अंदाज यावा.

एका थंडीत काकू तापाने अंथरुणाला खिळल्या. तंबू आला होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. नीट बघून या नि मला खरं काय ते सांगा." बाळकोबा नीट बघून आले आणि म्हणाले, "उजवाच." काकूंनी संसारात पहिल्यांदाच माघार घेतली. "बरं. तुमचंच खरं."

"कबुली दिलीन शेवटी," बाळकोबा सकाळी मला ओटीवरून सांगत होते. तोंडावर आनंद मावत नव्हता. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

पुढल्या थंडीत तंबूच्या मालकावर समन्स निघालं. बजावायला बाळकोबा. मालक पडद्यामागे विजेच्या इंजिनापाशी होता आणि खेळ चालू होता, म्हणून ते मागच्या कनातीतून, बायकांच्या बाजूने आत शिरले. सहज वर पाहिलं. मडम रडत होती, आणि तीळ तिच्या डाव्या गालावर होता.

समन्स हातातच राहिलं. खेळ सुटल्यावर त्यांनी मला बाहेर गाठलं. "मास्तर, आमच्या हिला मागून दिसत होतं तेच ती सांगत होती. मरणाच्या दारात तिच्याकडून मी खोटी कबुली घेतली." मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून ते पडद्यामागे बसू लागले. बायका आधी कुजबुजल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "बसू देत गो. काकू बसायची ती जागा."

पुढे तंबू यायचा बंद झाला. गावात बोलपटाचं पक्कं थिएटर झालं. मडम बोलायला लागली. पडद्यामागे आता नुसते कर्णे, माणसाला बसायला जागाच नाही. बाळकोबा एकदा गेले आणि मध्यंतरातच उठून आले. "तीळ परत उजवीकडे गेला," एवढंच म्हणाले.

एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंच्या कुंकवाच्या पेटीचा आरसा उघडा होता. त्याच्यासमोर मासिकातून कापलेलं एक चित्र उभं होतं, आमच्याकडे पाठ करून. चुकून उलटं ठेवलं असेल असं वाटून मी ते वळवायला गेलो.

"राहू द्या. आरशात बघा."

मी वाकलो. मडमेचा तीळ डाव्या गालावर होता.

"बघितलंत ना?"

"हो."

बाळकोबांनी आरशाकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "ऐकलंस ना गो? मास्तरांनीपण समक्ष पाहिलंय."