हौदावरची बर्फाची लादी

ऐन जानेवारीत, कळमनुरीतली माणसं स्वेटर घालून शेकोटीला बसलेली असताना, सायकलवरून बर्फाची लादी आणणारा माणूस एकच. आमचे शेजारी हमीदचाचा. लादी परसातल्या हौदात सोडायची आणि खालचे मासे न्याहाळत बसायचं, हा त्यांचा उद्योग.

चाचा पक्के गवंडी. त्यांची एकुलती लेक फातिमा लग्न होऊन कॅनडात गेली. पहिलं वर्षभर तिचा फोन "ठीक हूँ अब्बा" एवढ्यावर संपायचा. मग तिच्या घरामागच्या छोट्या तळ्यात तिनं मासे पाळले आणि फोन अर्धा अर्धा तास चालू लागला. चाचांनी लगोलग इथं हौद बांधला. "आधी आमी करून पाहतो, मंग तिला सांगतो. पोरीला तकलीफ काहून?"

पहिली खेप वाया गेली. नवा हौद भरून ठेवला की सिमेंट पक्कं होतं, हे गवंड्याला पाठ. पाणी आहेच, तर मासेही राहतील, म्हणून त्यांनी त्याच दिवशी सोडले. सिमेंटचा चुना पाण्यात उतरला आणि सकाळी सगळे तरंगले. "बरं झालं, हितं चुकलो!" चाचा म्हणाले. फातिमाचं तळं मातीचं. तरी ही चूक तिला तीनदा ऐकावी लागली.

एकदा त्यांनी तापाचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला. पारा हलेना. "ताप न्हाई," चाचा समाधानानं म्हणाले.

यंदा फातिमाचं तळं वरून गोठलं. खाली मासे जिवंत आहेत की नाहीत, कळेना. बर्फ फोडू का, असं तिनं विचारलं आणि इथं लाद्या सुरू झाल्या. हातोडा मारला तर मासे सैरावैरा धावले. गरम पाण्याचं पातेलं ठेवलं तर गुपचूप भोक पडलं. जन्मभर हातोडा चालवलेल्या माणसानं हातोड्याविरुद्ध निकाल दिला.

फातिमानं तळ्याच्या बर्फावर गरम पातेलं ठेवलं, त्या संध्याकाळी मी चाचांकडंच होतो; व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडं सकाळ होती. पातेलं उचलून फातिमा ओरडली, "अब्बा, हिल रई! मछली हिल रई!"

चाचा लगेच म्हणाले, "अब रोज दिखाना बेटा. देखे बगैर समझता नहीं."

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "चाचा, जगले की मासे. आता रोज काय बघायचं?"

चाचांनी फोन सदऱ्याला पुसला.

"मासे कोन पाहून राहिलं, गुरुजी? तळं दाखवून झालं की ती फोन फिरवते. तवा तिचं तोंड दिसतंय मला."