कर्टिसचा घडीचा कॅम्पर

"यंदा आपण स्वतःचा कॅम्पर घ्यायचा," कर्टिस हाउगलंडने ओव्हनमधून काढलेली बटाटे-खिम्याची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेता घेता जाहीर केलं. "घडीचा. गाडीमागे ओढत न्यायचा, हँडल फिरवलं की छप्पर वर, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर. मन रमेल तिथे मुक्काम!"

"आणि बाबांच्या केबिनचं काय?" त्याच्या बायकोने, मार्नाने विचारलं.

बाबा म्हणजे मार्नाचे वडील, ऑर्विल. तळ्याकाठी त्यांची केबिन होती आणि लग्न झाल्यापासून हाउगलंडांची प्रत्येक सुट्टी तिथेच जात आली होती. कर्टिसच्या वाट्याला व्हरांड्यातली खाट आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले डास. शिवाय मे महिन्यात, तळ्यावरचं बर्फ नुकतंच वितळलेलं असताना, छातीभर पाण्यात उतरून, हिवाळ्यापुरता काढून ठेवलेला बोटीचा लाकडी धक्का पुन्हा बसवायचं काम जावयाचं. दातावर दात आपटत असतानाही तो हसून म्हणायचा, "झकास आहे हो पाणी, बाबा!" दुसरं काय म्हणणार? मिनेसोटात जन्मलेला माणूस एक वेळ गारठून मरेल, पण समोरच्याला तोंडावर 'नको' म्हणणार नाही.

पण या वर्षी कर्टिसने चंग बांधला होता. लेक सिग्नी चौदा वर्षांची झाली होती. अजून एखाद-दुसरा उन्हाळा, की मग पोरगी मैत्रिणींबरोबर फिरणार आणि बापाच्या वाट्याला नुसते फोटो येणार. त्याआधी एकदा तरी तिला आपल्या मनाने, आपल्या गाडीतून कुठेतरी न्यायचं, हे त्याने पक्कं ठरवलं.

"बाबांना मी सांगेन," तो म्हणाला.

"तू? तोंडावर?"

"तोंडावर."

सिग्नीला ठसका लागला. "डॅड, तुम्ही चुकीचा नंबर लावणाऱ्याची पण तब्येत विचारता!"

कर्टिसने तिकडे दुर्लक्ष केलं आणि शोधाला लागला. पहिला कॅम्पर त्याला फार आवडला, पण गादीत उंदरांचा सुखी संसार चालला होता. मालकाला वाईट वाटू नये म्हणून कर्टिसने त्याच्या पडद्यांची तोंडभरून स्तुती केली. दुसऱ्यात संडास नव्हता, आणि मार्नाची ती एकमेव अट होती. तिसऱ्यात संडास होता, पण जेवायच्या टेबलाला इतका खेटून, की एकाने बसायचं तर बाकीच्यांनी ताटं उचलायची. सिग्नीची अट वेगळीच होती. डॅडच्या घोरण्यापासून तिचा पलंग लांब पाहिजे. असा कॅम्पर अख्ख्या राज्यात नसावा, असं वाटायला लागलं.

तो सापडला आर्लिस ट्वेटन नावाच्या म्हातारीच्या शेतावर. नवरा गेल्यापासून तिने तो कोठारात झाकून ठेवला होता. कर्टिसने तो अंगणात ओढून काढला, हँडल फिरवलं आणि छप्पर लोण्यासारखं वर गेलं. एका टोकाला एक पलंग, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधे पडद्याआड बऱ्यापैकी संडास. सिग्नी लांबच्या पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "डॅड, हाच." मार्नाने संडासाचा पडदा ओढून पाहिला आणि पर्समधून चेकबुक काढलं, म्हणजे तिचाही होकार होता. कर्टिसला भरून आलं.

"आता मिटवून बघू," तो म्हणाला.

तीन कोपरे खाली आले. चौथा वरच राहिला.

"अगंबाई!" आर्लिसबाई म्हणाल्या. "माझा नवरा मिटवायचा तेव्हा कधी असं झालं नाही हो! नका घेऊ बाई तुम्ही."

"छे छे, मावशी, एवढं तेवढं चालायचंच!"

"नको रे बाळा, बिघडलेला माल कसा देऊ तुला?"

"बिघडलाय कुठे? जरा रुसलाय. आम्ही घेणारच."

"मग निम्म्या किमतीत घे."

"भलतंच! पूर्ण पैसे घेतले नाहीत तर आम्ही नेणारच नाही."

मार्ना मागून कोट ओढत होती, पण कर्टिस आता थांबणाऱ्यातला नव्हता. म्हातारी कमी करत होती, हा वाढवत होता. शेवटी चालता कॅम्पर घ्यायला आलेल्या माणसाने मोडका कॅम्पर पूर्ण किमतीला घेतला आणि वर आभार मानले.

पण उघडा कॅम्पर रस्त्यावरून न्यायचा कसा? कर्टिसने बिजागरीत तेल ओतलं. केरसुणीच्या दांड्याने कोपरा खालून ठोकला. शिडी लावून वरून दाबला. सरतेशेवटी तो त्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी लोंबकळला. कोपरा तसूभर हलला नाही, उलट खाली आलेले तीन कोपरे कुरकुरत वर गेले आणि कर्टिस अधांतरी पाय झाडत राहिला. आर्लिसबाई रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लोंबकळून झालं की खाऊन घे हं."

"मी बाबांना फोन करते," मार्ना म्हणाली.

"अजिबात नाही!" कर्टिस वरूनच ओरडला. "ज्यांच्यापासून सुटायला हा घेतला, त्यांनाच बोलवायचं?"

"मग रात्रभर लोंबकळ."

तिने फोन केलाच आणि ऑर्विल अर्ध्या तासात हजर झाले. जमिनीवर पाठ टेकून कॅम्परखाली शिरले. कप्पीवरून घसरलेली तार त्यांनी स्क्रूड्रायव्हरने जागेवर बसवली. हँडल फिरवलं आणि चारी कोपरे शहाण्यासारखे खाली आले. सासरेबुवा उठले, पँट झटकली आणि कॅम्परकडे बघत उभे राहिले.

"कुठे निघालात?" त्यांनी विचारलं.

मार्ना एकाएकी वडी चघळण्यात गुंग झाली. कर्टिसने उगाच कॅम्परचं हँडल पुसायला घेतलं. पण सिग्नी त्याच्याकडे बघत होती. आज नाही तर कधीच नाही.

"बाबा," तो म्हणाला, "यंदा आम्ही केबिनवर येणार नाही."

"हं," ऑर्विल म्हणाले. "वीकेंडला?"

"नाही. अख्ख्या उन्हाळ्यात नाही."

ऑर्विलनी टोपी काढली. कपाळ पुसलं. कर्टिसला वाटलं, आपण म्हाताऱ्याचं मन मोडलं. आत्ताच्या आत्ता शब्द मागे घ्यावेत, वाटल्यास दोन धक्के बसवून द्यावेत.

"बरं झालं बाबा एकदाचं," ऑर्विल म्हणाले.

"काय?"

"अरे, माझी खोली या मायलेकींना देऊन मी दर उन्हाळ्यात बोटीच्या शेडमध्ये झोपतो. पाठीचा पार भुगा झालाय. पण पोरीला सांगणार कसं, की नका येऊ?"

"बाबा!" मार्नाची वडी हातातच राहिली.

"आणि तो धक्का?" कर्टिसने विचारलं. "दर मे महिन्यात?"

"मला काय करायचाय धक्का? बोट मी केव्हाच विकली. तूच इतका खुशीने पाण्यात उतरायचास. म्हटलं, जावयाला हौस आहे, कशाला मोडता घाला." त्यांनी जावयाची पाठ थोपटली, चेहऱ्यावर पहिल्यांदाच मोकळं हसू होतं. "एखाद्या रविवारी या ना. जेवायला. जेवण झालं की निघा."

ते शीळ वाजवत आपल्या गाडीत बसले. आर्लिसबाईंनी उरलेल्या वड्या बांधून दिल्या आणि हाउगलंड कुटुंब आपला पहिला कॅम्पर ओढत घराकडे निघालं. सिग्नी मागच्या सीटवर नकाशा उघडून बसली होती, एकामागून एक ठिकाणं वाचत होती, थांबायचं नाव घेत नव्हती. जसं हवं होतं, अगदी तसंच सगळं झालं होतं. पण कर्टिस तोंड पाडून गाडी चालवत होता.

"आता काय बिनसलं?" मार्नाने विचारलं. "तुला जायचंच नव्हतं ना तिथे?"

"मला जायचं नव्हतंच," कर्टिस म्हणाला. "पण मी यावं असं त्यांना तरी वाटायला नको होतं का?"