बशीरचाचांची बरगडी

लोक भिंतीवर पदव्या लावतात. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या शेजारच्या बशीरचाचांनी एक्स-रे लावला आहे. खोकून खोकून त्यांची बरगडी मोडली, आणि डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. 'क्वचितच' हा शब्द चाचांनी सत्कारासारखा स्वीकारला.

"अख्ख्या रोह्यात मी एकलाच हाय," ते दूधवाल्यालाही सांगतात. दूधवाला मान डोलावतो. त्याला पुढच्या घरी जायचं असतं.

अर्थात, चाचांना खोकला नाहीच. चार महिने तीन घरांची झोप मोडणारा तो प्रकार म्हणजे "घसा साफ करतोय गो." आई आल्याचा काढा पाठवायची, तो ते जास्वंदीला घालायचे. जास्वंदीची तब्येत उत्तम आहे.

मी फार बोलत नाही, म्हणून त्यांनी मला विश्वासाचं काम दिलं: दर शुक्रवारी दुबईतल्या मुलाला, इम्रानभाईला, व्हिडिओ कॉल लावून देणं. कॉल लागला की चाचा दाढेखाली लवंग धरत आणि पंधरा मिनिटं खोकला दाबून ठेवत. चेहरा जांभळा व्हायचा. "इकडे उजेड कमी हाय," ते मुलाला सांगत. कॉल संपला की साठलेला खोकला एकदम सुटायचा. अशाच एका शुक्रवारी 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, खुर्ची मोडली.

"इम्रानला सांगू नको," दवाखान्यातून येताना ते म्हणाले. "माझ्यापायी दोनदा नोकरी सोडून आलाय. तिसऱ्यांदा कोण घेईल त्याला?"

खोकला दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या शुक्रवारी चाचांनी लवंग घेतलीच.

"अब्बा, तब्येत?"

"फर्स्ट क्लास."

चेहऱ्याचा रंग बदलू लागला.

"भाई, त्यांची बरगडी मोडलीय," मी म्हणाले. "तुमच्यासमोर खोकला दाबतात, म्हणून." इतकी वर्षं मी इम्रानभाईशी 'हॅलो, देते हं' यापलीकडे बोलले नव्हते.

चाचांनी मला ओरडायला तोंड उघडलं, आणि खोकलाच बाहेर आला. बराच वेळ थांबेना.  इम्रानभाईने फोन कानाला लावला.

"नोकरी सोडू नको रे," शेवटी चाचा कसेबसे म्हणाले.

"नाय सोडत. रोज फोन करीन. तुम्ही खोका, मी हाय."

ते पुन्हा खोकू लागले. स्क्रीनवर अजून त्याचा कानच दिसत होता.