दोन वस्त्या, पाच दाणे

सन १९५७ च्या चैत्रात चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तलावाची पाळ रुंद करण्याचे ठरले, आणि पाळीवरची लटारू धिवराची झोपडी पावसाळ्याआधी हलवण्याचा हुकूम निघाला. विकाऊ प्लॉट दोनच उरले होते. एक टेकडीवस्तीत, दुसरा नाल्यापलीकडच्या आमच्या मोहवस्तीत. लटारूने दोन्हीकडे रीतसर चौकशी केली.

टेकडीवरची शकुबाई म्हणाली, "मोहवस्तीत जाशील तं मरशील. तिथी वाघ येते."

मोहवस्तीतल्या खुशालला हे कळल्यावर तो म्हणाला, "वाघ महिन्यातून एक डाव येते गा. टेकडीवर पंचायतीचा शिपाई रोज येते."

निवड होईना. तेव्हा लटारूची बायको अन्नपूर्णा हिने जुनी रीत काढली. जागेवर तांदळाचे पाच दाणे ठेवायचे, वर पळसाचा द्रोण पालथा घालून दगड ठेवायचा. सकाळी दाणे पुरे, तर जागा शुभ.

सकाळी दोन्ही प्लॉटांवर दगड जागच्या जागी, द्रोण जागच्या जागी. आत दाणा नाही.

"मुंग्यांनी नेले असन," लटारू म्हणाला.

"मुंगी दगड उचलून परत ठेवते का जी?" अन्नपूर्णा म्हणाली.

वस्ती समितीचे कारकून गुणवंतराव यांनी 'दोन्ही जागा अशुभ' अशी नोंद केली. त्याबरोबर दोन्ही वस्त्या समितीवर धावून आल्या, कारण सगळ्यांची घरे त्याच जमिनीवर होती. फेरतपासणीचा ठराव झाला. या वेळी दाणे गुणवंतरावांच्या जावयाचे होते. त्यालाही प्लॉट हवाच होता. सकाळी टेकडीवर पाचही दाणे सापडले. मोहवस्तीत सात निघाले.

समितीने निष्कर्ष काढला: जमीन निर्दोष, दोष अर्जदाराच्या तांदळात.

"साहेब, तांदूळ तं एकाच दुकानातला हाय," लटारू म्हणाला.

"दुकान एक असेल. हात वेगळे आहेत," गुणवंतराव म्हणाले.

शकुबाईला राहवले नाही. "माणूस तू लाखाचा हायेस, लटारू. पण मासोळीचा वास..."

"बुधवारीच तं मरळ नेली तुमी, बाई!"

"खायले वास लागत नाई. शेजारी राह्यले लागते."

लटारूला 'सदोष तांदूळधारक' असा शिक्क्याचा दाखला मिळाला आणि त्या आधारे मसणापलीकडची जागा. तिथे दाणे ठेवण्याची अट नव्हती. मृगाच्या आधी छप्पर चढले. अन्नपूर्णा म्हणते, शेजार चांगला आहे, कोणी काही उचलत नाही.

टेकडीवरचा प्लॉट जावयाला गेला. आमच्या मोहवस्तीतला अजून रिकामा आहे. विहीर गोड, रस्ता सरळ, माणसे देवभोळी. आपण जागा पाहत असाल तर अवश्य या. फक्त आधी पोस्टकार्डाने आडनाव कळवा. यात वाईट वाटून घेऊ नका. आमची आडनावे विचारल्याशिवाय आपण तरी थोडेच येणार आहात?